‘सर्वांत जुनी भाषा’ हा दावा तपासताना या चुका टाळा

वडोदऱ्यातील मराठी मंडळींत, गणेशोत्सवातील व्याख्यानांपासून मोबाइलवरच्या गटांपर्यंत, अमुक भाषा जगातील सर्वांत जुनी आणि बाकीच्या तिच्या लेकी, असा दावा नेमाने फिरतो. हा मान कधी संस्कृतला मिळतो, कधी तमिळला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जाचा निर्णय झाल्यापासून मराठीलाही मिळू लागला आहे, जणू ‘अभिजात’ म्हणजे ‘सर्वांत प्राचीन’.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लेखाचे वय तेच भाषेचे वय मानणे. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी एकाच शिळेवर अशोकाचे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील प्राकृत लेख आहेत आणि शक राजा रुद्रदामनाचा सुमारे इ. स. १५० मधील संस्कृत लेखही आहे. नुसत्या या शिळेवरून हिशेब मांडला, तर प्राकृत संस्कृतपेक्षा चारशे वर्षांनी थोरली ठरेल. पण मुखोद्गत परंपरेने टिकलेल्या ऋग्वेदाची भाषा व्याकरणदृष्ट्या त्याहून कितीतरी जुन्या अवस्थेतील आहे.

दुसरी चूक उच्चारसाम्याची. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एकच असला, तरी त्यांचे नाते नाही. तो निव्वळ योगायोग आहे. नाते ठरते ते नियमित ध्वनिबदलावरून. येथील मराठी माणसाच्या कानावर ते रोज पडतात: आपले शेत, गुजरातीत खेतर, आपली माशी, तिकडे माखी, आपली कूस, तिकडे कूख. संस्कृत ‘क्ष’चा मराठीत ‘श’ किंवा ‘स’ आणि गुजरातीत ‘ख’ असा बदल या साऱ्या शब्दांत दिसतो. याउलट, तेलुगूत संस्कृत शब्द विपुल असूनही तिचे मूळ वेगळे आहे, हे मद्रासमधील ब्रिटिश अधिकारी फ्रान्सिस एलिस यांनी १८१६ मध्येच दाखवले होते. उसन्या शब्दांवरून कूळ ठरत नाही.

कोलकात्यातील ब्रिटिश न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांच्या १७८६ मधील भाषणाचा आधार घेताना तर लोक सोयीने अर्धाच भाग सांगतात. त्यांनी संस्कृतची स्तुती केली हे खरे. परंतु संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान मूळातून आल्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते, म्हणजे त्यांच्या मते संस्कृत ही आई नव्हे, बहीण. सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन तर अजून झालेले नाही, त्यामुळे तिच्या आधारे कोणत्याही भाषेचे वय सांगणारा दावा सध्या बाजूला ठेवावा.