साभार परत आलेल्या कवितेचं काय करायचं

पत्र आलं त्या दिवशी कवितेला हात लावू नकोस. नकार वाचल्या वाचल्या ओळी बदलायला बसलीस, तर कविता सुधारणार नाही, फक्त संपादकाची समजूत काढली जाईल. त्या दिवशी एकच काम कर. वहीत नोंद: कविता कोणती, कुठे पाठवली, कधी, उत्तर कधी आलं, आणि कारण त्यांच्याच शब्दांत, काना-मात्रा न बदलता.

शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. आठवणीत नकार फुगतो. ‘या अंकात जागा नाही’ एवढंच लिहिलेलं असतं आणि महिन्याभरात आपण ते ‘तुला लिहिता येत नाही’ असं आठवायला लागतो. उलटंही होतं. एका संपादकांनी मला ‘शेवटच्या चार ओळी आधीच कळल्या होत्या’ असं कळवलं. राग निवल्यावर वही उघडली, तेव्हा दिसलं की हा नकार नव्हता, फुकट मिळालेली शिकवणी होती. चार ओळी कापल्या आणि कविता दुसरीकडे छापून आली.

मग येतात विशेषणं. आक्रस्ताळी, एकांगी, प्रचारकी, ‘पुरुषांवर एवढा राग कशाला’. बाईच्या कवितेला ही इतक्या सवयीने लावली जातात की सगळीच धुडकावून लावावीशी वाटतात. धुडकावू नकोस, तपास. ते विशेषण कवितेतल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवतं का? ठेवत असेल तर ती कारागिरीची तक्रार, ऐकून घ्यायची. बोट ठेवायला ओळच सापडत नसेल, तर तक्रार विषयाबद्दल आहे, आणि विषय तुझा आहे. मी स्वतः ‘प्रचारकी’ हा शेरा गंभीरपणे घेते. कवितेत हाताला लागेल अशी एक तरी वस्तू आहे का, ते बघते. नुसतंच अस्तित्व, वेदना, मुक्ती असेल तर शेरा बरोबर. (पंख आणि पिंजरा यांना तर स्त्रीवादी कवितेतून सक्तीची रजा द्यावी, असं माझं मत.)

वाचन याच काळात वाढवायचं, पण धीर मिळवण्यासाठी नको. कामाच्या नजरेने वाच: ही कविता आपल्यापर्यंत पोचली कशी, मध्ये कुणाकुणाचे हात लागले? बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसाने ओव्या टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, त्या पुस्तकात आल्या. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक 1882 चं. ते विस्मरणात गेलं आणि अभ्यासक स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापलं तेव्हा नव्याने वाचलं गेलं. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने कविता हाताने शिवलेल्या छोट्या वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. 1890 मध्ये पहिलं पुस्तक निघालं तेव्हा संपादकांनी तिची विरामचिन्हं सरळ केली, काही यमकं जुळवली, वरून शीर्षकंही दिली. ओळींमध्ये ती विरामचिन्हासारख्या वापरायची त्या आडव्या रेघा वाचकांना नीट दिसल्या 1955 च्या आवृत्तीत.

माझ्यासाठी सगळ्यात उपयोगाचं उदाहरण अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथचं. ‘एरियल’ या कवितासंग्रहाचं हस्तलिखित तिने स्वतः क्रम लावून ठेवलं होतं. पहिल्या कवितेचा पहिला शब्द ‘प्रेम’ आणि शेवटच्या कवितेचा शेवटचा शब्द ‘वसंत’. 1963 मध्ये ती गेली. 1965 मध्ये तिचा नवरा, कवी टेड ह्यूजने काही कविता गाळून, काही घालून, क्रम बदलून पुस्तक काढलं. तिचा क्रम छापायला 2004 उजाडलं. छापता आला, कारण तिने तो मांडून ठेवला होता. म्हणून संग्रह कुणालाही देण्याआधी अनुक्रमणिका तारीख घालून स्वतःकडे ठेव. प्रत्येक विभाग तिथेच का आहे, हे एकेका ओळीत शेजारी लिही.

याचा उपयोग मला लवकरच झाला. माझा पहिला संग्रह एका प्रकाशकाने स्वीकारला, ‘बघू, बघू’ करत लांबवला आणि शेवटी म्हणाला, मासिक पाळीवरच्या कवितांचा विभाग काढा, मग लगेच छापू. त्या विभागाशेजारी मी लिहिलं होतं: ‘यातल्या आजीमुळे पुढच्या विभागातली नात कळते.’ फोनवर भांडायला ते वाक्य पुरलं नसतं, पत्रात पुरलं. अशा वेळी फोन टाळच. फोनवर आपण ‘बरं, विचार करते’ म्हणून बसतो. लेखी कळव: ‘हा विभाग संग्रहातून वेगळा करता येणार नाही. अमुक तारखेपर्यंत आहे तसा छापण्याचा होकार आला नाही, तर हस्तलिखित मी परत घेतलं असं समजावं.’ तारीख आली, होकार आला नाही, हस्तलिखित परत घेतलं. वाईट वाटलं, भरपूर. पण तोच विभाग सुटा करून एका नियतकालिकाला पाठवायला मी मोकळी झाले.

पुढचा प्रकाशक होकार देईल तेव्हा आनंदात सही करू नकोस. हक्क किती वर्षांसाठी देतेस, फक्त छापील पुस्तकाचे की ध्वनिमुद्रण आणि अनुवादाचेही, ठरलेल्या मुदतीत पुस्तक निघालं नाही तर हक्क परत येतात का, आणि तुला न विचारता कविता गाळता किंवा बदलता येते का, हे चार मुद्दे करारात शोध. शेवटचा मुद्दा बहुतेकदा लिहिलेलाच नसतो. तो घालून घे, आणि सही केलेल्या कराराची प्रत त्या अनुक्रमणिकेला टाचून ठेव.