हाली रुपयापासून रोमन दिनारियसपर्यंत : मराठवाड्यात राहून जुनी नाणी जमवताना

जुन्या नाण्यांचा छंद लागला की बहुतेकांची नजर थेट रोमन सम्राटांच्या चांदीच्या नाण्यांकडे जाते. माझा सल्ला असा की, मराठवाड्यात राहणाऱ्याने पहिले नाणे विकत न घेता आपल्या घरात किंवा नात्यागोत्यात शोधावे. आजीच्या पेटीत, देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीपूजनाच्या डबीत किंवा कुणाच्या तरी जुन्या बटव्यात निजामाचा हाली सिक्का हमखास निघतो, आणि नाणे कसे पाहायचे, मोजायचे व वाचायचे हे शिकण्यासाठी त्याहून चांगले साधन नाही. ते अस्सल असण्याची शक्यता मोठी असते, त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, आणि ते कुठून आले हे सांगणारे माणूस अनेकदा घरातच असते.

चांदीचा चारमिनारी रुपया हातात आला तर तो कडांनी धरून खिडकीच्या उजेडात तिरपा करावा. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक लहानसे फारसी अक्षर दिसेल. ते ‘मीम’ (म) असेल तर रुपया सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळातला, आणि ‘ऐन’ (उस्मान नावाचे पहिले अक्षर) असेल तर सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या काळातला. दुसऱ्या बाजूला ‘जर्ब’, म्हणजे ‘पाडले’, हा शब्द शोधावा. त्याच्या पुढे टांकसाळीचे नाव येते आणि येथे ते ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ असे असते. नाण्यावरचे साल हिजरी असते. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळते, म्हणजे १३३० चा रुपया साधारण १९१२ चा. वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. त्या काळच्या इंग्रजी रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम होते आणि त्यात चांदीही अधिक होती, म्हणूनच शंभर इंग्रजी, म्हणजे कलदार, रुपयांना सुमारे ११६ हाली रुपये मोजावे लागत. एवढे एका नाण्यावर जमले की फारसी आकडे आणि ‘जर्ब’ यांच्या आधारे मोगल रुपयेही उलगडू लागतात. त्यांच्यावर ‘खुजिस्ता बुनियाद’ दिसले तर ते नाणे औरंगाबादच्या टांकसाळीत पडलेले आहे.

साधने थोडीच लागतात, पण ती चांगली असावीत: ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लहान वजनकाटा, व्यास मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग. ही तीन घेतल्याशिवाय एकही नाणे खरेदी करू नये.

घरातल्या दागिन्यांकडेही एकदा निरखून पाहावे. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी ही मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटची वंशज आहे. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला शासक आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त, या आकृतींच्या नकला आपल्याकडचे सोनार पिढ्यान्‌पिढ्या पाडत आले. परदेशी नाणे गळ्यात घालण्याची हौस त्याहूनही जुनी आहे, कारण रोमन नाण्यांच्या ठशांवरून केलेली, दोरा ओवायला भोक असलेली मातीची पदके तेरच्या उत्खननात मिळाली आहेत.

तेर आणि पैठण या दोन गावांमुळेच मराठवाड्यातल्या संग्राहकाला रोमन नाण्यांविषयी विशेष आपुलकी वाटते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगर, म्हणजे तेरहून, कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असल्याचे लिहिले आहे. भारताच्या व्यापारात दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) निघून जातात, अशी थोरला प्लिनी या रोमन लेखकाची तक्रारही प्रसिद्ध आहे. त्या पैशाचे मोठे साठे मात्र मुख्यतः दक्षिणेत, कोइमतूर आणि करूरच्या पट्ट्यात सापडले. म्हणून कुणी ‘पैठणच्या शेतातले रोमन नाणे’ म्हणून काही पुढे केले, तर आनंदित होण्याआधी सावध व्हावे.

येथल्या मातीचे खरे नाणे सातवाहनांचे. शिसे, तांबे किंवा तांबे-शिसे-कथिलाच्या मिश्रणाचा, म्हणजे पोटीनचा, नखाएवढा तुकडा असतो. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरे, दुसऱ्या बाजूला अधिकच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळे जोडलेले ‘उज्जयिनी चिन्ह’. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्याने लेखातली निम्मी अक्षरे बाहेरच राहतात. एका नाण्यावर ‘रञो’ एवढेच उरते, दुसऱ्यावर ‘सातक’, आणि अशी तीन-चार नाणी शेजारी ठेवली की ‘रञो सिरि सातकणिस’, म्हणजे ‘राजा श्री सातकर्णीचे’, पूर्ण होते. त्यामुळे सातवाहन नाण्यांत देखण्या एकट्या नाण्यापेक्षा झिजलेल्या पाचसहा नाण्यांचा गट अधिक शिकवतो आणि स्वस्तही पडतो. ब्राह्मीची मुळाक्षरे पंधरवड्यात पाठ होतात. ती आधी करावीत. एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याने आपला ठसा मारण्याची पद्धतही याच काळात दिसते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाणी क्षत्रप राजा नहपानाची असून सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने ती पुन्हा ठोकलेली होती.

येथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली पाहिजे. गावालगतच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडातून माळवदासाठी माती उपसताना किंवा पावसानंतर मण्यांसोबत नाणी वर येतात, हे खरे. परंतु ती शोधण्यासाठी टेकाड खणणे, संरक्षित स्थळावर धातुशोधक यंत्र फिरवणे किंवा असे करणाऱ्यांकडून मूठभर नाणी उचलणे हा छंद नव्हे. जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. म्हणजे वर सांगितलेला १९१२ चा हाली रुपयासुद्धा परदेशातल्या भाच्याला टपालाने भेट पाठवणे बेकायदा आहे. खरेदी नेहमी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा लिलावगृहातून आणि पक्क्या पावतीवरच करावी.

रोमन नाणे घ्यायचेच असेल तर चौथ्या शतकातल्या तांब्याच्या लहान नाण्यांपासून प्रारंभ करावा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची ही नाणी अफाट संख्येने पडली, त्यामुळे ती आजही स्वस्त मिळतात. दोन सैनिक आणि मध्ये ध्वजदंड असलेला ‘ग्लोरिया एक्सर्सितुस’ प्रकार किंवा घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारणारा ‘फेल टेम्प रेपारातिओ’ प्रकार ओळखायला सोपा असतो. चित्राखालच्या आडव्या रेषेच्या खाली टांकसाळीची आद्याक्षरे असतात, आणि ट्रियरपासून अलेक्झांड्रियापर्यंतच्या टांकसाळी त्यावरून वेगळ्या काढता येतात. एकाच प्रकारच्या नाण्यांचा टांकसाळवार संग्रह करणे हे कमी खर्चाचे आणि फार समाधानाचे काम आहे. रोमन लेख संक्षेपांनी भरलेला असतो, पण संक्षेप मोजकेच आहेत. सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या ‘त्रिब्युनिकिया पोतेस्तास’ या अधिकाराचा आकडा लेखात असेल, तर पहिल्या-दुसऱ्या शतकातले नाणे नेमक्या वर्षापर्यंत नेता येते.

चांदीच्या दिनारियसकडे वळताना भारताशी नाते असलेले दोन प्रकार निवडावेत. ढाली-भाल्यांसह उभे गायस व लुसियस हे नातू असलेले सम्राट ऑगस्टसचे नाणे आणि राजदंड घेऊन बसलेली स्त्री असलेले त्याच्यानंतरच्या टायबेरियसचे नाणे, हे दोन प्रकार आपल्याकडच्या साठ्यांत सर्वाधिक आढळतात. इ. स. ६४ मध्ये सम्राट नीरोने दिनारियसचे वजन आणि चांदीचा कस दोन्ही उतरवले. ऑगस्टसच्या काळी सुमारे ३.९ ग्रॅम असलेले नाणे ३.४ ग्रॅमवर आले. भारतीय व्यापारी नाणे तोलून-पारखून घेत, त्यामुळे त्यांनी जुन्या चांदीलाच पसंती दिली असावी, असा अर्थ अभ्यासक लावतात.

याच दोन प्रकारांची बनावट नाणीही खूप निघतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर कानशीने घासलेली शिवण दिसते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे असतात आणि अक्षरे वापरून झिजलेल्या साबणासारखी गुळगुळीत लागतात. एकाच विक्रेत्याकडे तोच ओरखडा आणि तोच कडेचा चिरा असलेली दोन नाणी दिसली, तर दोन्ही खोटी समजावीत. तांब्याचा गाभा आणि वरून चांदीचा पत्रा असलेला दिनारियस मात्र लगेच फेकू नये, कारण रोमन काळातही असे खोटे नाणे पाडणारे होते. जत्रेत आणि तीर्थस्थळी मिळणारी, रामदरबाराचे चित्र असलेली १८१८ ची ‘ईस्ट इंडिया कंपनी’ची नाणी कंपनीने कधी चलनात आणलीच नव्हती. ‘जुने नाणे द्या, लाखो घ्या’ असा निरोप पाठवून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. असे व्यवहार आपल्या नावाने होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच दिला आहे.

नाणे घरी आले की ते चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने घासण्याचा मोह होतो. घासलेल्या नाण्याचे मोल तिथेच संपते, कारण तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर हाच त्याचा संरक्षक असतो. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस भिजवून मऊ लाकडी काडीने ती सोडवावी, याहून अधिक काही करू नये. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर तो क्षाररोग असतो. ते नाणे ताबडतोब बाजूला काढून कोरडे ठेवावे आणि संवर्धनाचे काम करणाऱ्यांना दाखवावे. आपल्याकडची आठ महिने कोरडी हवा तांब्याला मानवते, पण आषाढ-श्रावणात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने चिकट द्रव सुटतो, म्हणून मायलरची (पॉलिस्टरच्या पातळ फिल्मची) पाकिटे किंवा आम्लविरहित कागदाचे लिफाफे वापरावेत.

प्रत्येक नाण्याला क्रमांक देऊन वहीत वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचे वर्णन, कुणाकडून व केव्हा मिळाले आणि पावती कुठे आहे, हे लिहावे. घरचे नाणे असेल तर कोणत्या आजीचे, कोणत्या गावचे, तेही त्यात यावे. ओळख पटत नसेल तर दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे वजनासह घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील इतिहास वस्तुसंग्रहालयात किंवा नाशिकजवळच्या अंजनेरी येथील मुद्राशास्त्र संशोधन संस्थेत विचारपूस करावी. तिथे जाण्यापूर्वी तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय एकदा सावकाश पाहून घ्यावे, म्हणजे काय विचारायचे ते नेमके कळते. वहीच्या पहिल्या पानावर घरच्यांसाठी एक ओळ ठळक अक्षरांत असावी: ही नाणी सराफाकडे मोडीत देऊ नयेत, आधी या वहीतल्या विक्रेत्यांपैकी कुणाला तरी दाखवावीत.