दुपारी बारा ते पाच : मुलांच्या उन्हाळ्याची तयारी

नागपुरात उन्हाळ्याची तयारी म्हणजे खरं तर दुपारची तयारी. सकाळ मुलं आपली आपण निभावून नेतात, संध्याकाळी अंगण आणि गच्ची आहेच. प्रश्न असतो बारा ते पाचचा. बाहेर पारा 44-45 वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घरात नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. त्यात आमच्याकडे सुट्टीही लांब. 2024 मध्ये बाकी महाराष्ट्रातल्या शाळा 15 जूनला उघडल्या, विदर्भातल्या 1 जुलैला. म्हणजे अशा साठ-एक दुपारी. त्या नीट जायच्या असतील तर होळीनंतरच्या पहिल्याच रविवारी कामाला लागायचं. मे उजाडेपर्यंत थांबलं की कूलरवाला चार-चार दिवस सापडत नाही आणि मुलांच्या पाठीवर तोवर घामोळ्या आलेल्या असतात.

पहिलं काम कूलरचं, आणि ते घाईत करायचं नाही. टाकी उन्हात काढून गंज खरवडायचा, तळाला गळती आहे का ते पाणी भरून रात्रभर ठेवून बघायचं. मागच्या वर्षीच्या ताट्या कितीही चांगल्या दिसल्या तरी काढून टाकायच्या. क्षाराने कडक झालेल्या गवतातून हवा येते, गारवा येत नाही. एक बाजू तरी वाळ्याची घ्यावी. पहिलं पाणी पडल्यावर घरभर जो वास सुटतो, त्या वासावर माझ्या मुलांची सुट्टी सुरू होते.

त्यानंतर वायर. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मुलगी ओल्या फरशीवरून धावत आली आणि म्हणाली, "आई, कूलर चावते." मी आधी हसले. मग तिच्या तळहाताकडे बघितलं, ती तो फ्रॉकला घासत होती. मेन स्विच बंद केला, इलेक्ट्रिशियनला बोलावलं. प्लगच्या आत अर्थिंगची हिरवी तार सुटून नुसती लोंबत होती. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी कूलर लावण्याआधी प्लग उघडून तिन्ही तारा बघून घेते, घराची अर्थिंग तपासून घेते, आणि मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे. करंट जमिनीकडे गळायला लागला की तो निमिषात वीज तोडतो. महिन्यातून एकदा त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून तो पडतो की नाही हे बघायचं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. म्हणून आमच्या घरात नियम एकच आणि तो पाहुण्यांनाही लागू: पाणी भरायचं असेल तर आधी प्लग भिंतीतून बाहेर. बटण बंद केलं, एवढं पुरत नाही. आणि पाणी मोठ्यांनीच भरायचं. कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर असेल तर उत्तम. खोलीतच ठेवावा लागत असेल तर मुलांचा हात पोचणार नाही अशी आडवी खाट किंवा बाक लावा.

कूलर चालू असताना समोरची एक खिडकी किंवा दार बोटभर उघडं ठेवा. गारवा बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येते त्याचा असतो; ती हवा निघून जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि मुलं घामाने चिकचिकतात. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, आतून ब्रशने घासून, कोरडी करायची. आमच्याकडे तो वार शनिवार. डेंग्यूचा डास टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तिथेच राहतात, घासणं हे खरं काम.

वरचा मजला असेल तर गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. पांढरा स्लॅब ऊन परत फेकतो, खालच्या खोलीत पंखा लावल्यावर फरक कळतो. चुना कालवताना मात्र मुलांना तिथे फिरकू देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. पश्चिमेच्या खिडकीला जाड चादर किंवा हिरवी जाळी, तीही काचेच्या बाहेरून.

माठ गुढीपाडव्याच्या आधी आणावा. बोटाने वाजवून खणखणीत आवाजाचा घ्यायचा, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, पहिली दोन-तीन पाणी झाडांना घालायची. मग ओल्या वाळूवर, वारा लागेल अशा जागी. माठ झिरपतो म्हणून गार होतो. तो कोपऱ्यात कोंडला किंवा बाहेरून रंगवला तर पाणी कोमटच राहतं. एक छोटा तोटीचा माठ मुलांच्या उंचीच्या स्टुलावर वेगळा ठेवा. आमच्याकडे हा बदल केला आणि 'पाणी प्या, पाणी प्या' हे माझं दिवसभराचं ओरडणं निम्म्यावर आलं. ज्याचा त्याचा पेला, ज्याच्या त्याच्या रंगाचा. तोटी उघडून पेला भरायची मजा म्हणून चार वर्षांची पोरगी न सांगता पाणी पिते.

कैऱ्या एप्रिलमध्ये स्वस्त असतात तेव्हाच गर करून ठेवायचा. सासूबाई त्या गॅसवर भाजतात, साल काळी पडेपर्यंत. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला तो धुराचा स्वाद येत नाही. गराच्या दीडपट गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, वेलची. हे सगळं एकत्र करून डब्यात भरून फ्रीजरमध्ये. दुपारी चारला दोन चमचे गर आणि माठाचं पाणी, पन्हं तयार. सोबत पातळ ताक, सातूचं पीठ, टरबूज. टरबूज घरी आणून कापायचं, कापून ठेवलेल्या फोडी रस्त्यावरून आणायच्या नाहीत. सहा महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल तर त्याला यातलं काहीच नको, वरचं पाणीसुद्धा नको. आईचं दूधच जास्त वेळा पाजायचं, आणि पाणी त्या आईने प्यायचं.

औषधाच्या डब्यात ओआरएसची पाकिटं किमान सहा हवीत. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, एकदम. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून द्यायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती चुकीची, मिठाचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. थर्मामीटरचा सेल बघून ठेवा.

कपड्यांचं फार सांगण्यासारखं नाही. सुती, सैल, फिक्या रंगाचं. दोन मोठे पंचे, एक दुपट्टा आणि कान झाकेल अशी टोपी प्रत्येकाला. घामोळ्यांवर पावडरीचा थर देऊ नका, ओलसर अंगावर तिचा चिखल होतो. दोन वेळा आंघोळ, अंग कोरडं, आणि कॅलामाइन.

घोळणा फुटण्याची मात्र तयारी हवी, कारण आमच्याकडच्या कोरड्या हवेत तो फुटतोच. नाकाच्या आत रात्री झोपताना बोटाने खोबरेल तेल किंवा साजूक तूप लावायचं. तरीही फुटला तर मुलाला बसवायचं, मान थोडी पुढे, आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये सोडून बघायचं नाही. माझ्या लहानपणी आम्हाला मान मागे टाकून आडवं करायचे, कपाळावर पाणी मारायचे. रक्त घशात जायचं आणि उलटी व्हायची, मग घरातले आणखी घाबरायचे. हे आजी-आजोबांना आधीच प्रेमाने समजावून ठेवा, ऐन वेळी वाद नको. ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवायचा असेल तर खुशाल ठेवू द्या, जेवणातही कच्चा कांदा असू द्या. पण कांदा आहे म्हणून दुपारी एकला दुकानात पाठवायचं, असं करू नका.

आता फ्रिजवर चिकटवायचा कागद. तो मी दरवर्षी नव्याने लिहिते, म्हणजे मलाही पाठ राहतो. मूल मलूल झालं, डोकं दुखतं म्हणालं, पोटऱ्यांत गोळे आले, लघवी कमी आणि गडद झाली, की खेळ बंद, गार खोली, ओआरएस घोटाघोटाने. अंग तापून 104 फॅरनहाइटच्या वर गेलं, मूल बरळायला लागलं, झटका आला किंवा हाका मारून उठत नसेल तर ते ऊन लागलेलं आहे. 108 ला फोन करायचा, आणि गाडी यायची वाट न बघता कपडे सैल करून अंगभर पाणी ओतायचं, पंख्याखाली घ्यायचं, मान, काखा आणि जांघांत ओले पंचे ठेवायचे. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळीही द्यायची नाही, या तापावर ती चालत नाही. आणि उन्हात उभ्या गाडीत मुलाला एक मिनिटही ठेवायचं नाही, काच खाली असली तरी.

एवढं झालं की मग दुपार रिकामी राहते, आणि ती भरायची तयारी वेगळी. मोबाइल हातात दिला की तास जातो, पण त्यानंतरची चिडचिड दोन तास पुरते. मी मार्चमध्येच चिंचोके जमवून, दगडावर घासून, दोन फाकी करून ठेवते. अष्टचंग्याचा पट फरशीवर ऑइलपेंटने कायमचा रंगवला आहे. कॅरमची पावडर, पत्त्यांचे दोन जोड, वाचनालयाची नूतनीकरण केलेली वर्गणी. आणि एक अट: जेवणानंतर एक तास कोणीच कोणाशी बोलायचं नाही. झोपा, वाचा, छताकडे बघा. पहिला आठवडा भांडणं होतात, मग तो तास सगळ्यांना हवाहवासा होतो, मला सगळ्यात जास्त.

वाळवणाचं काम मुलांना दिलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. कुरड्यांचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं; ते काम मुलाचं. तिसऱ्या दिवशी भांड्याला जो आंबूस वास येतो त्याला तो नाक मुरडतो आणि तरी झाकण उघडून बघतोच. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर निवळायला ठेवायचा, आणि पहाटे साडेपाचला वरचं पाणी ओतून चुलीवर चढवायचा. उलथणं फिरवता फिरवता पांढरं दूध हळूहळू काचेसारखं होतं, बुडबुडे जड होऊन 'भुक्' असा आवाज करतात. मुलं मोरीजवळ वाट्या घेऊन बसलेली असतात. मुलीला चिकावर दूध-साखर लागते, मुलाला तेल-तिखट. सोऱ्या गरम असतो, तो मोठ्यांनी दाबायचा. कुरड्या कपड्यावर मांडणं, दगड ठेवणं, आठ वाजेपर्यंत कावळे हाकणं हे त्यांचं. आठनंतर गच्चीवर कोणी नाही. मैदानाचीही साधारण हीच वेळ पाळतो आम्ही: सहा ते साडेआठ, आणि संध्याकाळी सहानंतर. बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीला आधी आपला हात लावून बघावा.

आजोळचा प्रवास ठरवताना पहाटेची किंवा रात्रीची एसटी बघा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. रेल्वेत मात्र त्याच वयाच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, हे आरक्षणाआधीच ठरवा. आमचं आजोळ यवतमाळकडे. तिथे उघड्यावर झोपतात, म्हणून खाट भिंतीपासून हातभर लांब, चपला सकाळी झटकूनच पायात, रात्री उठलं तर टॉर्च. उन्हाळ्यात विंचू निघतात. विहिरीत पोहायला शिकवायला मामा असेल तर भोपळा बांधूनच, आणि एका मुलामागे एक मोठा माणूस.

शेवटी नवतपा, 25 मेच्या आसपासचे नऊ दिवस. त्या दिवसांसाठी वेगळं काही आणायचं नाही, आहे ते पुन्हा तपासायचं: ताट्या बसल्या असतील तर बदला, इन्व्हर्टरचं पाणी बघा, ओआरएसची पाकिटं मोजा, वीज गेली तर लागणारे हातपंखे कुठे आहेत ते मुलांनाही माहीत असू द्या. 7-8 जूनला मृग लागतो आणि एखाद्या संध्याकाळी वावटळ येते. तेव्हा कूलरचा प्लग काढायचा, गच्चीवरचं वाळवण उचलायचं. कडकडाट ऐकू येत असेल तोवर मुलं घरात. विजा थांबल्या आणि नुसतं पाणी पडायला लागलं की दार उघडून त्यांना अंगणात सोडायचं, आणि दोन कोरडे पंचे दाराशी ठेवायचे.