‘सांगितलं होतं साहेब’ : लाइनवर नव्याने सुपरवायझर होणाऱ्यांसाठी

डिप्लोमा करून भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी ट्रेनी म्हणून लागलो आणि दीड वर्षात सेकंड शिफ्टची एक लाइन माझ्याकडे आली. चार व्हीएमसी (धातू कापणारी कॉम्प्युटरवर चालणारी उभी मशीनं), नग धुणारं एक वॉशिंग मशीन, शेवटी इन्स्पेक्शनचं टेबल आणि सगळी मिळून अकरा माणसं. त्यातली निम्मी माझ्या वडिलांच्या वयाची. पहिल्याच महिन्यात अ‍ॅल्युमिनिअमच्या एका हाउसिंगचं रिजेक्शन वाढलं. मशीन केलेला फेस, म्हणजे सपाट बाजू, तिरका निघत होता, तोही प्रत्येक नगावर नाही. वीस-पंचवीस नग चांगले, मग एकदम दोन खराब. आम्ही इन्सर्ट (कापणारी पाती) बदलले, मशीनमधली ऑफसेटची मापं तपासली, कास्टिंग पुरवणाऱ्याला मेल लिहिले. आठ दिवस यात गेले.

नवव्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्या मशीनवरच्या मामांना मी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” मामांनी कप खाली ठेवला, मला फिक्श्चरपाशी, म्हणजे नग पकडून ठेवणाऱ्या साच्यापाशी, नेलं आणि मागच्या रेस्टिंग पॅडवरून बोट फिरवलं. बोटाच्या टोकाला नखाएवढी चमकदार चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, चिकटून आली. नग तीन पॅडवर बसतो. पुढचे दोन पॅड एअर गनने साफ होतात, पण मागच्या पॅडच्या आड क्लॅम्पचा सिलिंडर येतो आणि तिथे हवा पोचत नाही. कूलंटने ओली झालेली चिप तिथेच बसून राहते, नग तिच्यावर टेकतो, क्लॅम्प त्याला घट्ट दाबतो. वरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं आणि फेस तिरका निघतो.

“मामा, हे आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं साहेब. दोन वर्षं झाली. तेव्हाचे साहेब म्हणाले, तुम्ही मशीन चालवा, डोकं आम्ही चालवतो.”

ते रागाने बोलले नव्हते, नुसती माहिती दिल्यासारखं बोलले. मला मात्र ते वाक्य आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

तुम्ही लाइनवर रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ज्येष्ठ माणूस तुम्हाला सांगेल, “आपले लोक पुढाकार घेत नाहीत हो, सांगितलं तेवढंच करतात.” यावर विश्वास ठेवू नका. दिवसाला आठ तास जो माणूस एकाच मशीनसमोर उभा असतो, त्याला त्या मशीनची प्रत्येक खोड माहीत असते. त्याने केव्हातरी ती सांगितलेली असते, आणि एकतर तिला उत्तर मिळालेलं नसतं किंवा मिळालेलं उत्तर झोंबणारं असतं. त्यानंतर तो गप्प बसायला शिकतो. म्हणून लोकांना बोलतं करण्यासाठी भाषण, पोस्टर, स्पर्धा यांच्या मागे लागण्याआधी एकच काम करा: जो बोलेल त्याला उत्तर द्या.

माणसं तीच राहून कारखाना बदलू शकतो, याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद झाला. सततची भांडणं, खराब माल आणि जबरदस्त गैरहजेरी यासाठी तो बदनाम होता. 1984 मध्ये त्याच जागेत टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ‘नुमी’ या नावाने उत्पादन सुरू केलं आणि बहुतेक कामगार जुन्या कारखान्यातलेच घेतले. युनियनही तीच होती. थोड्याच काळात गैरहजेरी खूप खाली आली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ गेला.

तिथे लाइनच्या कडेने अँडॉनची, म्हणजे मदतीचा इशारा देणारी, दोरी होती. काही चुकतंय असं वाटलं की कामगाराने ती ओढायची. पुष्कळजण समजतात की दोरी ओढली की लाइन त्याच क्षणी थांबते. तसं नसतं. दोरी ओढली की दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर त्या माणसापाशी येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत लाइन पुढे सरकत राहते. तेवढ्या वेळात दोघांनी मिळून अडचण सोडवली तर ती थांबतही नाही. माझ्या मते त्या दोरीचं सगळं बळ त्या येणाऱ्या माणसात आहे. दोरी आपल्याकडेही कुणीही बांधेल. ओढल्यावर कुणी आलंच नाही, तर तिसऱ्या वेळी कामगार तिला हात लावणार नाही.

आमच्याकडे दोरी नव्हती. मी 200 पानी वही घेतली. तारीख, कुणी सांगितलं, काय सांगितलं, उत्तर कधी दिलं, एवढेच रकाने. स्वतःला नियम घातला की तीन दिवसांच्या आत त्या माणसापाशी जाऊन काहीतरी सांगायचंच. “झालं” हे उत्तर आहे. “इंडेंट टाकलाय, स्टोअरला माल आलेला नाही” हेही उत्तर आहे. “नाही होणार, कारण हे ड्रॉइंगमध्ये आहे आणि कस्टमरला विचारल्याशिवाय हात लावता येत नाही” हेसुद्धा उत्तर आहे, आणि कारण नीट सांगितलं तर लोक ते मोठ्या मनाने स्वीकारतात. “बघू” मात्र उत्तर नाही. तो शब्द मी लाइनवर वापरणं बंद केलं.

प्रश्न कसा विचारता यालाही महत्त्व आहे. “काही प्रॉब्लेम आहे का?” असं विचारलंत तर “नाही साहेब” हेच ऐकू येईल, कारण प्रॉब्लेम आहे म्हणणं म्हणजे तक्रार करणं असं लोकांना वाटतं. मी शिफ्ट हॅन्डओव्हरच्या वेळी विचारायला लागलो, “आज हात कुठे अडकला?” त्यावर नेमकं उत्तर येतं. इन्स्पेक्शनवरच्या ताईंनी या प्रश्नावर सांगितलं की ट्यूबलाइट त्यांच्या पाठीमागे आहे, त्यामुळे नग तपासताना त्यांचीच सावली त्याच्यावर पडते आणि कडेला राहिलेली बारीक बर (धातूची धारदार कोर) दिसत नाही. मी संध्याकाळी त्यांच्या खुर्चीवर बसून पाहिलं. खरंच दिसत नव्हतं. इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात ट्यूब पुढे घेतली. त्या टेबलावर त्या तीन वर्षं बसत होत्या.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. मामांनी तांब्याची बारीक नळी वाकवून एअर गनला जोडली, ती सिलिंडरच्या मागून थेट पॅडपर्यंत पोचायला लागली. पुढे टूल रूमने पॅडची बैठक लहान केली आणि कडेने खाच दिली, म्हणजे चिप साचायला जागाच राहिली नाही. तिरके फेस थांबले. महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये मी ही स्लाइड दाखवली आणि सगळीकडे “आम्ही केलं” असं म्हणालो. प्लँट हेडने माझं कौतुक केलं. मामा दाराजवळ उभे होते. पुढचे पंधरा दिवस माझ्या वहीत एकही नोंद आली नाही. मला कळायला वेळ लागला, पण कळल्यावर मी सगळ्या लाइनसमोर त्यांची माफी मागितली आणि पुढच्या रिव्ह्यूला त्यांना स्वतःला बोलायला लावलं. ते मराठीत बोलले, सात-आठ मिनिटं, हातात ती नळी धरून. कुणाची कल्पना आहे त्याचं नाव कागदावर, बोर्डवर आणि साहेबांच्या कानावर गेलंच पाहिजे. यात तडजोड करू नका.

कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांचं वेगळं आहे. “जास्त बोललो तर उद्या गेटवर नाव नसेल” ही त्यांची भीती खरी आहे, ती हसून उडवण्यासारखी नाही. त्यांना सगळ्यांसमोर उभं करून “बोल रे” म्हणू नका. मशीनपाशी एकट्याला विचारा, आणि त्याने चूक दाखवली म्हणून त्याच्यावर काही शेकणार नाही याची जबाबदारी तुम्ही घ्या. ती घेता येत नसेल तर विचारूही नका.

चुकीबद्दल बोलताना शब्द कसा लागतो, याची एक गोष्ट. आपण ज्याला पोकायोके म्हणतो, म्हणजे चूक होऊच नये अशी रचना, तिला जपानचे शिगेओ शिंगो आधी ‘बाकायोके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. 1963 च्या सुमारास एका कारखान्यात हा शब्द ऐकून एक कामगार स्त्री रडली, “मी इतकी मूर्ख आहे का?” असं तिने विचारलं, आणि शिंगोंनी शब्दच बदलला. पोका म्हणजे अनवधानाने होणारी चूक, जी कुणाच्याही हातून होते. आपल्याकडे शॉपफ्लोअरवर “अक्कल आहे का” हे सर्रास बोललं जातं. ते तुमच्या तोंडून एकदा गेलं की वही सहा महिने कोरी राहील.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. पुढाकार सेफ्टीला हात लावणार नाही. माझ्या लाइनवर एकाने सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) वाचवायला मशीनच्या दाराच्या इंटरलॉकवर, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणाऱ्या स्विचवर, पट्टी चिकटवली होती. मी मशीन तिथल्या तिथे थांबवलं, पट्टी काढली आणि मग शांतपणे विचारलं की हे का करावंसं वाटलं. दाराचा रोलर झिजला होता, दार दर वेळी दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. त्याने मेंटेनन्सला दोनदा सांगितलं होतं. रोलर त्याच दिवशी बदलून घेतला. पट्टी लावणं चूकच होतं आणि ते त्याला स्पष्ट सांगितलं, पण ज्या अडचणीतून ती पट्टी आली ती अडचण आमची होती. तसंच फिक्श्चर, प्रोग्राम, गेज यांत काही बदलायचं असेल तर आधी फोर-एम चेंजची (माणूस, मशीन, माल, पद्धत यांतल्या बदलाची) नोंद आणि क्वालिटीची सही. हे लोकांना सुरुवातीलाच सांगा.

“दर महिन्याला प्रत्येकी दोन कायझेन”, म्हणजे दोन छोट्या सुधारणा, असला कोटा मला पटत नाही. मग कचऱ्याच्या डब्याला लेबल लावल्याचे फोटो येतात आणि खरी अडचण तशीच राहते. क्वालिटी सर्कलचा, म्हणजे कामगारांनी छोट्या गटात बसून आपल्याच कामातल्या अडचणी सोडवण्याचा, मार्ग मला जास्त आवडतो. 1962 मध्ये जपानमध्ये तो सुरू झाला. भारतात क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था 1982 पासून आहे आणि पुण्यातही तिचं चॅप्टर आहे. तुमच्या कंपनीतून स्पर्धेला टीम जात असेल तर ऑपरेटरना पाठवा, स्वतः पुढे होऊ नका. दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाने आपल्या कामावर प्रश्न विचारला की चेहरा कसा खुलतो, ते मी पाहिलं आहे.

आता मी चाकणला आहे, माणसं वाढली आहेत, वही सहावी आहे. आज तीन नोंदींसमोरचा रकाना रिकामा आहे: वॉशिंग मशीनची गळती, थर्ड शिफ्टला बंद असलेला पाण्याचा कूलर, आणि एका ट्रेनी मुलीने सांगितलेलं, की ट्रे दोन इंच उंच हवा, वाकून पाठ भरून येते. तिला सांगून आज तिसरा दिवस. फॅब्रिकेशनवाल्याला फोन केलाय, तो शुक्रवारी येतोय. फर्स्ट शिफ्ट सातला सुरू होते. तिला हे सांगायला मला पावणेसातला तिथे असायला हवं.