गोव्यातला नाताळ: तिकीट, मिस्सा आणि बेबिंका

२४ डिसेंबरचं कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी, म्हणजे २५ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडतं. उत्तर गोव्यासाठी थिवी, जुन्या गोव्यासाठी करमळी, दक्षिणेसाठी मडगाव. सवयीने सगळे मडगावचंच तिकीट काढतात आणि मग टॅक्सीला पैसे मोजत उलटे येतात.

दुपारी पारा तिशीपार जातो, पहाटे विशीच्या आसपास उतरतो. सुती कपडे न्या, स्वेटर घरी ठेवा. रात्रीच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चच्या सामूहिक प्रार्थनेसाठी, पातळ शाल पुरे. ही मिस्सा अनेक ठिकाणी चर्चबाहेर उघड्यावर होते आणि दव पडतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आधी तासभर पोहोचा आणि परतीची गाडी जातानाच ठरवा, रात्री एक वाजता ती मिळणं कठीण. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत ख्रिस्ती नसलेल्यांनी उभं राहू नये. जागेवर शांत बसलेलं चालतं.

खाण्यात कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ: नेवऱ्या आपल्या करंज्यांच्या बहिणी, कुलकुलं शंकरपाळ्यांची. बेबिंका या थराथरांच्या गोड पदार्थात अंड्यांचा बलक भरपूर असतो. अंडं न खाणाऱ्यांनी तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाच्या दुधाचा दोदोल घ्यावा.

भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलीस नेमकी तीच अडवतात.