पाठीवरची रेघ, कडेची झालर: वाळवंटी शिंगाळ सरडे कसे ओळखावेत

कॅलिफोर्नियाचं इम्पीरियल खोरं आणि अ‍ॅरिझोनातल्या युमाच्या आसपास चपट्या शेपटीचा शिंगाळ सरडा (फ्रायनोसोमा मकॅली) आणि त्याचे भाऊबंद यांची हमखास गल्लत होते. अंगाचा रंग तर आधी विसराच, तो वाळूनुसार बदलतो.

आधी वरून सरळ फोटो घ्या. डोक्यापासून शेपटीकडे पाठीच्या मधोमध बारीक गडद रेघ दिसली, तर मकॅलीची शक्यता मोठी. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. जमिनीला टेकून कडेचा फोटो घ्या आणि धडाच्या काठावरच्या काटेरी खवल्यांची झालर मोजा: मकॅलीला दोन ओळी, वाळवंटी शिंगाळ सरड्याला (फ्रायनोसोमा प्लॅटीरायनॉस) एकच. मकॅलीची शेपटी लांब, रुंद आणि चपटी असते. पोट पांढरं, बिनठिपक्यांचं. प्लॅटीरायनॉसच्या पोटावर गडद ठिपके असतात. पोट पाहायला मात्र सरडा उचलावा लागतो. ते परवानाधारकांचं काम, आपण झालरीवर भागवावं. डोक्यामागे चार मोठी, बुडाशी एकमेकांना चिकटलेली शिंगं दिसली तर तो रीगल शिंगाळ सरडा, फ्रायनोसोमा सोलारे.

खरी पंचाईत गुडीची (फ्रायनोसोमा गुडी). 2006 मध्ये प्लॅटीरायनॉसपासून वेगळी मानली गेलेली ही जात कोलोरॅडो नदीच्या पूर्वेला आणि गिला नदीच्या दक्षिणेला सापडते. दिसायला दोन्ही इतक्या सारख्या, की डोळ्यांपेक्षा ठिकाणच जास्त सांगतं. त्यात युमाजवळ मकॅली-गुडी आणि कॅलिफोर्नियातल्या ओकोटिलोजवळ मकॅली-प्लॅटीरायनॉस असे संकरही आढळतात. मिश्र खुणा दिसल्या तर नोंदीत जात ठोकून न देता ‘संकर असू शकतो’ असं लिहा. मुंग्यांच्या डोक्यांनी भरलेली विष्ठा शिंगाळ सरडा असल्याचं सांगते, कुठला ते नाही.

ही चिकित्सा कशासाठी? मकॅलीला अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या संघीय यादीत घ्यायचा प्रस्ताव 1993 मध्ये आला, मागे घेतला गेला, वाद चालत राहिला आणि 2011 मध्ये पुन्हा नकार मिळाला. संरक्षणाचा भार आज सरकारी संस्थांनी आपसात केलेल्या 1997 च्या करारावर आहे. त्यात पाच व्यवस्थापन क्षेत्रं आहेत आणि प्रत्येकात नव्याने होणाऱ्या जमिनीच्या नासधुशीला 1 टक्क्याची मर्यादा. चुकीची नोंद म्हणजे चुकीचा नकाशा.

हा सरडा धोका दिसला की पळत नाही, वाळूला चिकटून निपचित पडतो. घारीपुढे ही युक्ती चालते, चाकाखाली नाही. म्हणून गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा. फोटो जाहीर करताना नेमके अक्षांश-रेखांश झाका.