जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल घालावं?

सोलापुरात ऑइलच्या दुकानात ‘गिअर ऑइल द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा ‘ईपी ९०’चा डबा समोर येतो. पद्मिनी असो, अँबेसेडर असो की जीप, डबा तोच. यातला ९० हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. ‘ईपी’चा अर्थ इतकाच, की दाबाखाली दात घासू नयेत म्हणून तेलात रसायन मिसळलंय. ते किती तीव्र आहे, हे डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेल्या दर्जावरून कळतं: एपीआय जीएल-४ की त्याहून तीव्र जीएल-५. पैसे देण्याआधी डबा फिरवून ती ओळ वाचा.

याचं कारण पितळ. जुन्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा बहुधा पितळी असतात. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दात एकमेकांत बसतात. म्हणजे या रिंगेला थोडी पकड लागते, फार निसरडं तेल तिला चालत नाही. जीएल-५ तेल बनलं ते हायपॉइड डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दात्यांच्या जोडणीसाठी, जिथे पिनियनचे दात क्राउनवर प्रचंड दाबाखाली घसरत फिरतात. त्यात गंधक-फॉस्फरसचं रसायन जीएल-४च्या साधारण दुप्पट असतं. धातूवर त्याचा पातळ थर बसतो. पोलादी दातांचं त्याने रक्षण होतं, पण पितळ मऊ असल्याने थर निघताना पितळाचा कणही सोबत जातो. शिवाय गंधक सक्रिय स्वरूपाचं असेल, तर तेल तापल्यावर ते पितळ काळं करून खातं. नवीन जीएल-५ तेलांत हा गंज रोखणारी द्रव्यं असतात, तरी पकडीचा प्रश्न राहतोच. नुकसान एका दिवसात कळत नाही. काही महिन्यांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना कर्रर्र ऐकू यायला लागतं.

म्हणून पद्मिनीसाठी साधं मिनरल, जीएल-४, ९० किंवा ८०डब्ल्यू-९०. टी-९० गिअरबॉक्सच्या जुन्या जीपलाही हेच चालतं. मात्र तिथे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) यांमधलं तेल एकमेकांत जात असल्याने दोन्हीकडे एकच तेल घाला आणि दोन्ही लेव्हल तपासा. मारुती ८००मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात आहेत, पण तिथे हायपॉइड दात नाहीत, तेव्हा जीएल-५ची गरजच नाही. अँबेसेडरबाबत घाई करू नका. ही गाडी २०१४पर्यंत बनत होती आणि इसुझू इंजिनाबरोबर आलेला पाच गिअरचा बॉक्स जुन्या चार गिअरच्या बॉक्सहून वेगळा आहे. आपल्या मॉडेलचं पुस्तक बघूनच तेल घ्या. मॉरिस मायनर किंवा एमजीबी असेल, तर कारखान्यानेच गिअरबॉक्सला इंजिन ऑइल सांगितलंय. २०डब्ल्यू-५० घालायला कचरू नका. ५० आकडा ९०पेक्षा लहान दिसतो, म्हणून तेल पातळ असेल असं वाटतं. पण इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंशांना दोन्ही तेलं जवळजवळ सारखीच दाट असतात.

याच आकड्यांमुळे आपल्याकडे आणखी एक चूक होते. कारखान्यातल्या यंत्रांचं ‘२२०’ गिअर ऑइल ड्रममधून सुटं आणि स्वस्त मिळतं. त्याचा आकडा ४० अंश तापमानाला मोजलेला असतो आणि दाटपणा ९०च्या आसपासच येतो, हे खरं. पण ते सिंक्रो रिंगेचा विचार करून बनवलेलं नाही. गाडीत घालू नका.

सोलापूरच्या हवेत ‘डब्ल्यू’च्या आधीच्या, म्हणजे थंडीतला दाटपणा सांगणाऱ्या, आकड्याची फार चिंता नको. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली पहाट थंड असते, पण तेल गोठवणारी नव्हे. प्रश्न आहे तो मे महिन्याचा. बाहेर ४२-४३ अंश आणि गाडी तुळजापूरच्या वाटेवर चढाला लागलेली. अशा वेळी ७५डब्ल्यू-८०सारखं पातळ तेल जुन्या बॉक्समध्ये आवाज वाढवतं आणि सीलमधून वाट काढतं. उलट आवाज दबावा म्हणून काही मिस्त्री १४० घालतात, तेही बरं नाही. सकाळी गिअर जड जातो, दाट तेल गिअरच्या आतल्या बुशपर्यंत नीट पोचत नाही आणि खराब झालेलं बेअरिंग लपून राहतं.

डब्यावरच्या ओळीवर विश्वास बसत नसेल, तर तांब्याची परीक्षा घ्या. जाड तांब्याच्या तारेचे दोन तुकडे झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने लखलखीत घासा, मग बोट लावू नका. एक तुकडा शंकेच्या तेलात आणि दुसरा खात्रीच्या जीएल-४मध्ये, अशा दोन काचेच्या बरण्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात तीन तास ठेवा. तेल थेट आचेवर कधीही तापवू नका आणि त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. नंतर तारा पुसून उन्हात धरा. फिकट नारिंगी छटा चालेल. काळपट किंवा निळसर करडा रंग आला, तर ते तेल पितळाजवळ नको. ही तुलना गंजापुरतीच आहे, पकड कशी राहील ते यातून कळत नाही.

तेल बदलताना गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, सपाट जागी लावा, आणि आधी वरचा लेव्हल प्लग सोडवा. तो जाम असेल आणि खालचं तेल काढून बसलात, तर गाडी जागीच अडकते. निघालेलं तेल पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात हलवा. बारीक सोनेरी चमक दिसली, तर सिंक्रो रिंगा झिजतायत. मॅग्नेट असलेल्या प्लगवर करडा लेप नेहमीचा. पोलादाचे टोकदार तुकडे दिसले तर बॉक्स उघडावा लागेल. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलंय.

रॉकेल किंवा डिझेल घालून बॉक्स धुऊ नका. ते कोपऱ्यात राहून नवं तेल पातळ करतं. फार घाण असेल तर योग्य तेल घालून ५०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. भरताना लेव्हल प्लगच्या भोकातून तेल ओघळू लागलं की थांबा, पाच मिनिटं थांबून जादा गळू द्या. त्याहून जास्त भरलं, तर पुढच्या सीलमधून क्लच प्लेटवर उतरतं आणि क्लच घसरतो. प्लगचा तांब्याचा वायसर नवा टाका.

घर्षण कमी करणारं कुठलंही वेगळं औषध गिअरबॉक्समध्ये नको. सिंक्रो रिंग घसरू लागते. पहिल्या गिअरला कर्रर्र आवाज येत असेल, तर आधी त्या गिअरला सिंक्रो आहे का ते पाहा. बऱ्याच जुन्या बॉक्सना तो नसतोच, तिथे गाडी पूर्ण थांबवूनच पहिला टाकावा.

तेल बदलूनही सील गळत असेल, तर नवं सील मागवण्याआधी बॉक्सच्या वरचा ब्रीदर, म्हणजे हवा सुटायचं भोक, साफ करा. तो धुळीने बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. आणि मागच्या हायपॉइड डिफरन्शियलसाठी पुस्तकात जीएल-५ सांगितलं असेल, तर तिथे तेच घाला. दोन डबे, दोन फनेल, आणि झाकणांवर मार्करने ‘बॉक्स’ आणि ‘मागचं’ असं लिहून ठेवा.